परदेशी विमानप्रवास : स्वस्त तिकिटाचा खरा हिशेब

न्यू जर्सीहून फोन येतो. लेकीला किंवा सुनेला दिवस गेलेले असतात. बाळंतपणाच्या वेळी आई-बाबांनी निदान चार महिने तरी येऊन राहावे, असा आग्रह होतो. कोथरूड, डोंबिवली वा नाशिकमधल्या त्या घरात आनंदाची लाट ओसरायच्या आतच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे तिकिटाचा. शेजारचे सांगतात, आम्ही अमुक इतक्या हजारांत जाऊन आलो. मुलगा तिकडून संगणकावर पाहून निराळाच आकडा कळवतो. कोपऱ्यावरचा ट्रॅव्हल एजंट तिसराच आकडा देतो आणि वर ‘उद्या हा भाव राहील याची खात्री नाही’ असेही बजावतो. आयुष्यभर एस.टी. आणि रेल्वेच्या ठरीव भाड्याने प्रवास केलेल्या मंडळींना हा सारा प्रकार अनाकलनीय वाटतो आणि आपण फसवले तर जात नाही ना, अशी शंका मनात घर करते.

वस्तुतः या गोंधळामागे एक पक्के गणित आहे. विमानाचे भाडे ही अंतराची किंमत नसते. ती अटींची किंमत असते. केव्हा निघायचे, किती आधी ठरवायचे, वाटेत किती खोळंबायचे, बेत बदलला तर काय, सामान किती न्यायचे, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला एक भाव असतो. कोणत्या अटी आपल्याला सहज पाळता येतील आणि कोणत्या अजिबात झेपणार नाहीत, हे आधी ठरवणाऱ्यालाच खऱ्या अर्थाने स्वस्त तिकीट मिळते. केवळ सर्वांत लहान आकड्यामागे धावणाऱ्याची गत मात्र पुष्कळदा ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ अशी होते.

एकाच विमानात अनेक भाव

विमानातील आसन हा नाशवंत माल आहे. विमानाचे दार बंद झाले, की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. मंडईत संध्याकाळी उरलेल्या मेथीच्या जुडीसारखीच ही स्थिती असते. फरक एवढाच, की मंडईत संध्याकाळी भाव उतरतो आणि विमानात तो बहुधा चढतो. कारण शेवटच्या दिवसांत तिकीट घेणारा प्रवासी निकडीने निघालेला असतो. कोणाची व्यावसायिक बैठक असते, कोणाच्या घरी आजारपण. त्याला जाणे भाग असते आणि म्हणून तो अधिक पैसे मोजतो. अशा प्रवाशासाठी काही आसने राखून ठेवायची आणि उरलेली आधी ठरवणाऱ्याला स्वस्तात विकायची, हा या धंद्याचा मूलमंत्र आहे.

हे गणित पहिल्यांदा सूत्रबद्ध मांडले ते ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतील केन लिटलवूड यांनी, १९७२ मध्ये. आज स्वस्तात आसन विकून मिळणारी रक्कम ही उद्या महाग दराने ते विकले जाण्याच्या शक्यतेचा विचार करता अपेक्षित असलेल्या रकमेपेक्षा जास्त असेल, तोपर्यंतच स्वस्त विक्री चालू ठेवावी, असा त्यांच्या नियमाचा साधा आशय. या विचाराला बळ मिळाले ते अमेरिकेत. तेथे १९७८ च्या कायद्याने देशांतर्गत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले. १९८१ मध्ये न्यूअर्क येथून सुरू झालेल्या पीपल एक्स्प्रेस या कंपनीने अत्यल्प दराने प्रस्थापितांना घाम फोडला. त्यावर अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये उत्तर शोधले. सर्वांसाठी भाडे उतरवण्याऐवजी, आगाऊ खरेदीसारख्या अटी मान्य करणाऱ्यांपुरती काही आसने तितक्याच स्वस्तात विकायची आणि बाकीची चढ्या दरानेच विकायची, हे ते उत्तर. पीपल एक्स्प्रेस त्यानंतर दोनच वर्षांत कॉन्टिनेंटलमध्ये विलीन झाली. अटींचा बाजार मात्र जगभर कायम झाला.

आज विमानाचा साधा वर्ग दिसायला एकच असला तरी विक्रीच्या यंत्रणेत तो वाय, बी, एम, एच, के, क्यू अशा इंग्रजी अक्षरांच्या अनेक उपवर्गांत विभागलेला असतो. खुर्ची तीच, जेवण तेच. निराळे असतात ते दर आणि त्यांच्या अटी. सर्वांत स्वस्त उपवर्गातील आसने संपली, की पुढच्या उपवर्गाचा दर दिसू लागतो. सकाळी पाहिलेला भाव संध्याकाळी आठ हजारांनी वाढतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

यातून एक उपयुक्त सूचना निघते. चौघांच्या कुटुंबासाठी एकदम चार आसने शोधली आणि स्वस्त उपवर्गात दोनच शिल्लक असली, तर यंत्रणा बहुतेक वेळा चौघांनाही वरचा दर लावते. म्हणून आधी एका प्रवाशाचा, मग दोघांचा आणि नंतर चौघांचा शोध घेऊन माणशी दर ताडून पाहावा. फरक दिसला तर तिकिटे दोन टप्प्यांत काढता येतात. मात्र अशा वेळी बुकिंग दोन होतात, हे विसरू नये. विमान रद्द झाले तर दोन्ही बुकिंगमधील प्रवाशांची पर्यायी सोय एकत्रच होईल असे नाही. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर काही हजारांसाठी ही ताटातूट पत्करणे योग्य नव्हे.

भाड्यात काय काय असते?

तिकिटावरील एकूण रकमेचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला मूळ भाड्याचा, दुसरा विमान कंपनी लावत असलेल्या इंधन वा तत्सम अधिभाराचा आणि तिसरा सरकारी कर व विमानतळ शुल्काचा. भारतात साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. बिझनेस आदी वरच्या वर्गांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला. याखेरीज विमानतळागणिक प्रवाशांकडून घेतले जाणारे विकास शुल्क निराळे असते.

हे तपशील कोरडे वाटले तरी त्यांचा उपयोग आहे. दोन ते अकरा वर्षांच्या मुलांना आणि मांडीवरच्या तान्ह्या बाळाला मिळणारी सवलत सर्वसाधारणपणे मूळ भाड्यावर असते. अधिभार मोठा असेल तर ती वाटते तेवढी मोठी ठरत नाही. शिवाय बाळ परतीच्या प्रवासापूर्वी दोन वर्षांचे होणार असेल, तर परतताना त्याच्यासाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते. ‘परतावा नाही’ असा शिक्का असलेले तिकीट रद्द केले तरी त्यातील सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळण्याची तरतूद भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. अनेक प्रवासी ‘गेले ते गेले’ असे समजून ही रक्कम मागतच नाहीत.

वाटेतल्या मुक्कामाचाही करांशी संबंध असतो. ब्रिटनमधून उड्डाण करणाऱ्या प्रवाशांवर तेथील सरकार १९९४ पासून विमान प्रवासी शुल्क आकारते. लंडनला केवळ विमान बदलून चोवीस तासांच्या आत पुढे जाणाऱ्याला ते पडत नाही. परंतु ‘जाता जाता लंडनही पाहू’ म्हणून दोन दिवस थांबलेल्या प्रौढ प्रवाशाच्या तिकिटात मात्र ते मिळवले जाते, आणि लांबच्या पल्ल्यासाठी ती रक्कम लहान नसते.

हंगाम आणि प्रवासाची दिशा

विमानभाडे ठरवणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे हंगाम, हे सर्वांना ठाऊक असते. हंगामाला दिशा असते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. मुंबईहून अमेरिकेकडे जाणारी गर्दी मेपासून ऑगस्टपर्यंत असते. उन्हाळ्यात मुलांकडे जाणारे पालक, सुट्टीवर निघालेली कुटुंबे आणि जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठांत दाखल होणारे विद्यार्थी यांची त्यात भर पडते. डिसेंबरात चित्र उलटे असते. तिकडचे भारतीय नाताळच्या सुट्टीत लग्नकार्यांसाठी इकडे येतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परततात. म्हणजेच डिसेंबरच्या मध्यावर न्यूयॉर्क-मुंबई विमाने भरून येतात आणि जानेवारीच्या आरंभी मुंबई-न्यूयॉर्क. गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्याला तुलनेने कमी भाडे पडते.

यामुळेच मुंबई-न्यूयॉर्क-मुंबई आणि न्यूयॉर्क-मुंबई-न्यूयॉर्क या दोन परतीच्या तिकिटांचे दर सारखे नसतात. भाडे ठरते ते प्रवास जेथून सुरू होतो त्या ठिकाणच्या बाजारानुसार. मुलाने तिकडून घेतलेले तिकीट त्याला डॉलरमध्ये दिसले तरी प्रवास मुंबईतून सुरू होत असेल तर सहसा मुंबईचाच दर लागू होतो. चलन बदलल्याने फार मोठा लाभ होतो असे नाही. उलट, भारतातील क्रेडिट कार्डाने परकीय चलनात पैसे भरले तर बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर कर लावतात. लाखभराच्या तिकिटावर ही रक्कम सहज दोन-तीन हजारांच्या घरात जाते.

खरेदी किती आधी करावी? विमान कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी विक्री खुली करतात. पण सर्वांत आधी घेतलेले तिकीट सर्वांत स्वस्त असतेच असे नाही. लांबच्या पल्ल्यासाठी दोन ते सहा महिने आधीचा काळ सर्वसाधारणपणे सोयीचा मानला जातो. मे-जून किंवा डिसेंबरचा प्रवास असेल तर त्याहूनही आधी हालचाल करावी. आठवड्याच्या मधल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, बुधवारी निघाल्यास शुक्रवार-रविवारच्या तुलनेत अनेकदा दर कमी मिळतो. तारीख तीन दिवस पुढेमागे करण्याची तयारी ही सर्वांत मोठी सवलत होय, आणि तिला कोणाची शिफारस लागत नाही.

थेट की वाटेत थांबून?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने सुमारे सोळा तास लागतात. वाटेत विमान बदलले तर प्रवास बावीस ते तीस तासांवर जातो. तरीही लांबचे अंतर कापणारे हे तिकीट पुष्कळदा स्वस्त असते. किलोमीटरच्या हिशेबाने हे विपरीत वाटते, पण अटींच्या हिशेबाने सरळ आहे. थेट विमान ही सोय आहे आणि सोयीचे पैसे पडतात. दुबई, दोहा, अबूधाबी, इस्तंबूल किंवा युरोपातील शहरांतून जाणाऱ्या कंपन्यांना भारतातला प्रवासी आपल्या केंद्रावर आणून पुढे न्यायचा असतो. थेट विमानाशी स्पर्धा करताना त्यांच्या हाती एकच शस्त्र असते, ते म्हणजे कमी भाडे.

थांबा नेहमी गैरसोयीचाच असतो असेही नाही. अबूधाबीत अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर लांबलचक रांग टळते. गुडघेदुखीने बेजार झालेल्यांना सलग सोळा तास बसण्यापेक्षा मध्ये दोन-तीन तास पाय मोकळे करणे मानवते. मात्र दीड तासापेक्षा कमी अवधीची जोडणी वयस्करांसाठी टाळावी आणि आठ-दहा तासांचा रात्रीचा खोळंबाही टाळावा. व्हीलचेअरची सोय विमान कंपन्या विनामूल्य पुरवतात. ती निदान ४८ तास आधी नोंदवून ठेवावी.

निघण्याचे विमानतळही ताडून पाहण्यासारखे असते. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे. तेथील मर्यादित धावपट्टीमुळे लांब पल्ल्याची मोठी विमाने पुण्यातून उडत नाहीत, म्हणून पुणेकराला मुंबई गाठावी लागते. तथापि, पुण्याहून दिल्लीमार्गे एकाच तिकिटावर जाणे कधी कधी मुंबईपर्यंतच्या टॅक्सीसह पडणाऱ्या खर्चापेक्षा परवडते. गोवा, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या प्रवाशानेही हाच हिशेब घरापासून घरापर्यंत मांडावा.

शोध कसा घ्यावा?

पूर्वी विमानभाड्यांचे पुस्तक एजंटकडे असे. आता ते प्रत्येकाच्या खिशात आहे. २००३ मध्ये एडिंबरा येथे सुरू झालेले स्कायस्कॅनर, २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले कायाक आणि २०११ पासूनचे गूगल फ्लाइट्स ही तिकिटे विकणारी दुकाने नव्हेत. ती निरनिराळ्या ठिकाणचे दर एकत्र दाखवतात. त्यांचा खरा उपयोग तारखांचा तक्ता पाहण्यासाठी आहे. जाण्याची व परतण्याची तारीख बदलल्यास भाडे कसे बदलते, हे एका दृष्टिक्षेपात कळते. दर उतरल्यास ई-मेलने कळवण्याची सूचना तेथे नोंदवता येते. दोन-तीन आठवडे ती चालू ठेवली, की त्या मार्गाचा नेहमीचा भाव कोणता आणि खरोखरची सवलत कोणती, याचा अंदाज येतो.

येथे योग्य विमान आणि तारीख हेरून झाल्यावर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर दर पाहावा. फरक हजार-दोन हजारांचाच असेल तर थेट कंपनीकडून घेणे श्रेयस्कर. बदल, परतावा, वेळापत्रकातील फेरफार या सर्व प्रसंगी मध्यस्थ असला की कंपनी त्याच्याकडे बोट दाखवते आणि तो कंपनीकडे. शिवाय अमेरिकेला जाणाऱ्या वा तेथून येणाऱ्या प्रवासाचे तिकीट उड्डाणाच्या सात किंवा अधिक दिवस आधी थेट विमान कंपनीकडून घेतले, तर चोवीस तासांच्या आत ते दंडाविना रद्द करता येते किंवा त्याच दराने तेवढा वेळ राखून ठेवता येते. यांपैकी एक सोय देणे कंपन्यांना अमेरिकी नियमांनी बंधनकारक केले आहे.

याचा अर्थ ट्रॅव्हल एजंट निरुपयोगी झाला असा नव्हे. गट, अनेक शहरांचा प्रवास किंवा विद्यार्थ्यांचे जादा सामानाचे दर अशा बाबतींत अनुभवी एजंट आजही कामी येतो, आणि मध्यरात्री विमान रद्द झाल्यावर फोन उचलणारे ओळखीचे माणूस असणे ही किरकोळ गोष्ट नाही. कोणाकडूनही घेतले तरी एक तपासणी अवश्य करावी. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे केवळ नोंदणी. तिकीट खरोखर निघाले आहे, याची खूण म्हणजे तेरा अंकी तिकीट क्रमांक. त्यातील पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात; उदाहरणार्थ, एअर इंडियाचे ०९८. पैसे भरल्यावर तो क्रमांक मागून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडून पाहावे.

काही रूढ समज

मंगळवारी मध्यरात्री तिकीट घेतले की स्वस्त पडते, असा एक समज आहे. दर आता दिवसभर बदलत असतात. प्रवासाचा वार महत्त्वाचा, खरेदीचा नव्हे. एकच मार्ग वारंवार शोधला तर संगणक आपल्याला ओळखून भाव वाढवतो, असेही सांगितले जाते. त्याला विश्वसनीय पुरावा नाही. भाव बदलतो तो उपवर्गातील आसने संपल्यामुळे किंवा शोधयंत्रणेने आधी जुना दर दाखवल्यामुळे.

तिसरी युक्ती खरी आहे, पण घातक आहे. कधी कधी आपल्या शहरावरून पुढे जाणारे तिकीट आपल्या शहरापुरत्या तिकिटाहून स्वस्त असते. तेव्हा ते घेऊन मधेच उतरावे, असा सल्ला दिला जातो. परंतु चेक-इन केलेले सामान सहसा शेवटच्या शहरी जाते आणि एक टप्पा चुकवला की तिकिटातील पुढचे सारे टप्पे, परतीच्या प्रवासासह, रद्द होतात. हाच नियम पहिल्या टप्प्यालाही लागू आहे. मुंबईहून सुटणारे विमान चुकवून ‘परतीचे तेवढे वापरू’ म्हणणाऱ्याचे परतीचे तिकीटही हातचे जाते.

दोन तिकिटांचा सापळा

शोधयंत्रणा सर्वांत वर जे स्वस्त पर्याय दाखवतात, त्यांतील काही दोन निरनिराळ्या तिकिटांची जोडणी असतात. मुंबईहून मधल्या शहरापर्यंत एक कंपनी आणि तेथून पुढे दुसरी. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. एकाच तिकिटावरील पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. दोन तिकिटे असली, की ती प्रवाशाची होते. पुढच्या कंपनीच्या दृष्टीने तो वेळेवर न आलेला प्रवासी असतो आणि नवे तिकीट त्या दिवशीच्या चढ्या दराने घ्यावे लागते.

सामानाचाही प्रश्न येतो. ते मध्ये उतरवून घेऊन पुन्हा जमा करावे लागते. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरावे लागते आणि त्यासाठी तेथील व्हिसा लागू शकतो. केवळ विमान बदलण्यासाठीही काही देश भारतीय पारपत्रधारकांकडून ट्रान्झिट व्हिसा मागतात. अमेरिकेतून पुढे अन्य देशात जायचे असले तरी व्हिसा लागतो. ब्रिटनच्या नियमांत अमेरिका, कॅनडा आदी देशांचा वैध व्हिसा असणाऱ्यांना सवलत आहे. हे नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाच्या वा सरकारच्या संकेतस्थळावर ते पाहणे आवश्यक ठरते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एकाच कंपनीचे, दोन बॅगांसह परतीचे तिकीट माणशी १,०५,००० रुपयांना आहे आणि दोन तिकिटांची जोडणी ८२,००० रुपयांना. बचत २३,००० रुपयांची दिसते. आता दुसऱ्या पर्यायात जादा बॅगेचे ७,५००, आसननिवडीचे १,५००, मधल्या शहरातील एका रात्रीच्या निवासाचे व जेवणाचे ५,५००, त्या देशाच्या व्हिसाचे ३,००० आणि परकीय चलनात भरलेल्या ४०,००० रुपयांवरील साडेतीन टक्के अधिभाराचे १,४०० रुपये मिळवले, तर बेरीज १८,९०० होते. तिकीट १,००,९०० रुपयांना पडले. उरलेली बचत ४,१०० रुपयांची. तेवढ्यासाठी विमान चुकण्याचा सारा धोका अंगावर घ्यायचा का, याचे उत्तर पाठीवर एकच पिशवी घेऊन फिरणारा तरुण एक देईल आणि डिंकाच्या, अळिवाच्या लाडवांचे डबे घेऊन निघालेले साठीचे दाम्पत्य दुसरे.

बेत बदलला तर

तिकिटाच्या अटींमध्ये तीन गोष्टी प्रामुख्याने पाहाव्यात. तारीख बदलण्याचा आकार किती, रद्द केल्यास काय परत मिळते आणि सामान किती नेता येते. तारीख बदलताना केवळ दंडच द्यावा लागत नाही. त्या दिवशी उपलब्ध असलेल्या दरातील फरकही भरावा लागतो. ‘बदल विनामूल्य’ असे लिहिलेले असले तरी हा फरक बहुधा टळत नाही. अमेरिकेसाठी साध्या वर्गात तेवीस किलोच्या दोन बॅगा मिळतात, ही जुनी समजूत आता सरसकट लागू नाही. काही स्वस्त दरांत एकच बॅग असते, तर काहींत एकही नसते.

मराठी प्रवाशांनी नावाबाबत विशेष दक्षता घ्यावी. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. पारपत्रात मात्र आडनाव एका रकान्यात आणि उरलेली नावे दुसऱ्या रकान्यात येतात. तिकिटावरील नाव पारपत्रातील या नोंदीशी जुळले पाहिजे. बँकेच्या खात्यावरील किंवा आधार कार्डावरील नावाशी नव्हे. विवाहानंतर नाव बदलले असून पारपत्र जुन्याच नावाचे असेल, तर तिकीटही जुन्या नावाचेच हवे. नावातील दुरुस्तीला कंपन्या शुल्क घेतात आणि कधी नवे तिकीट काढावयास सांगतात. व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा नसलेले तिकीट घेऊ नये, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. पण स्वस्त दराच्या मोहात हा नियम सर्वाधिक मोडला जातो.

कंपनीच्या स्थैर्याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली, तेव्हा ऐन सुट्टीच्या तोंडावर असंख्य प्रवाशांच्या हाती केवळ तिकिटे उरली आणि अन्य कंपन्यांचे दर चढले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडील उड्डाणांचा वळसा आणि वेळ दोन्ही वाढले. अशा घटना प्रवाशाच्या हाती नसतात. क्रेडिट कार्डाने भरणा केल्यास सेवा न मिळाल्याची तक्रार बँकेकडे नोंदवून पैसे मागता येतात आणि प्रवास विम्याच्या अटी वाचून घेतल्यास निदान काही नुकसान भरून निघते. एवढी तजवीज करणे मात्र आपल्या हाती असते.

आधी अटी, मग आकडा

न्यू जर्सीला निघालेल्या त्या दाम्पत्याकडे पुन्हा वळले, तर त्यांच्यासाठी योग्य तिकीट कोणते, हे ठरवणे आता कठीण नाही. जाण्याची तारीख त्यांना चार दिवस मागेपुढे करता येईल. तेथे त्यांनी मध्य आठवड्यातील स्वस्त दिवस निवडावा आणि काही महिने आधीपासून भावावर नजर ठेवावी. वाटेतील एक थांबा त्यांना चालेल. पण तिकीट एकच असावे आणि जोडणीला अडीच-तीन तासांचा अवधी असावा. दोन-दोन बॅगा हव्यातच. परतीची तारीख मात्र त्यांच्या हाती नाही. बाळ काही विमान कंपनीचे वेळापत्रक पाहून जन्माला येत नाही. बाळंतिणीला आणखी महिनाभर आधार लागला, तर आईचा पाय तेथून निघणार नाही. म्हणून परतीच्या तारखेत कमी खर्चात बदल करू देणारे तिकीट पाच-सात हजारांनी महाग असले, तरी त्यांच्यासाठी तेच स्वस्त आहे.

याउलट, ठरलेल्या दिवशी परिषदेला जाऊन ठरलेल्या दिवशी परतणाऱ्या संशोधकाने त्या सवलतीसाठी एक रुपयाही जादा देण्याचे कारण नाही. पदवीसाठी निघालेल्या विद्यार्थ्याने परतीच्या तिकिटापेक्षा जादा सामान देणारा विद्यार्थी दर पाहावा. शेजाऱ्याला किती रुपयांत तिकीट मिळाले, ही चौकशी म्हणूनच अपुरी आहे. ते कोणत्या अटींवर मिळाले, हे विचारले पाहिजे. आपल्या गरजांची यादी कागदावर मांडून मग संगणकासमोर बसणाऱ्या प्रवाशाला पडद्यावरील आकडे घाबरवत नाहीत. त्याला हवे ते तिकीट कोणते, हे त्याला आधीच ठाऊक असते. उरते ते फक्त त्याचा भाव योग्य होईपर्यंत वाट पाहणे.